खूप आवडलं

हर्ब केसलर स्टुडिओत टपाल वाटायला लागला तेव्हा त्याला मिसरूडही फुटलं नव्हतं. निर्मितीप्रमुखाच्या खुर्चीपर्यंत पोचला तोवर डोक्यावर केस उरले नव्हते. मधल्या काळात तो एकच विद्या पक्की शिकला, 'नाही' न उच्चारता नाही म्हणायची. लेखक आला की हर्ब उठे, त्याचे दोन्ही हात हातात घेई आणि म्हणे, "खूप आवडलं!" लेखक काय ते समजे आणि टोपी उचलून दुसऱ्या स्टुडिओची वाट धरी. हॉलिवूडमध्ये या दोन शब्दांचा अर्थ सरळ नारळ असा होता. उद्या तोच माणूस मोठा झाला तर तोंड दाखवायला जागा राहावी, एवढीच ती सोय. प्रेमाबिमाचा काही संबंध नव्हता.

नॅट प्लॉटकिन त्याचा टपालखोलीतला जोडीदार. दोघांनी एकाच सँडविचचे दोन तुकडे करून दिवस काढलेले. पुढे नॅट लेखक झाला, थोडा गाजला, मग गाव त्याला विसरलं. एका शुक्रवारी त्याने हर्बच्या टेबलावर नवं स्क्रिप्ट ठेवलं. एका म्हाताऱ्या शिंप्याची गोष्ट होती.

"हे शेवटचं," नॅट म्हणाला. "तू नाही घेतलंस तर गाशा गुंडाळतो. क्लीव्हलंडला, बहिणीकडे."

रविवारी हर्बने ते बागेत बसून वाचलं आणि ढसाढसा रडला. सोमवारी नॅट आला. हर्ब उठला, नॅटचे दोन्ही हात धरले आणि सवयीने म्हणाला, "नॅट, खूप आवडलं रे!"

नॅटचा चेहरा पडला. "कळलं," तो म्हणाला. "पर्लला नमस्कार सांग."

"अरे, खरंच आवडलं!" हर्ब मागून ओरडला. पण 'खरंच' तर तो सगळ्यांनाच म्हणायचा. नॅट थांबला नाही. नंतर फोनही उचलेना.

"बरोबरच आहे त्याचं," हर्बची बायको पर्ल म्हणाली. "सूप खूप आवडलं म्हणतोस तेव्हा मीसुद्धा ते ओतूनच देते."

"मग त्याला सांगू तरी काय?"

"जे आवडलं नाही ते सांग."

हर्ब तडक नॅटच्या घरी गेला. खोकी बांधून झाली होती. टाइपरायटरलाही दोरी आवळलेली. हर्ब बसला नाही.

"मधला भाग भिकार आहे," तो म्हणाला. "शिंप्याची बायको म्हणजे लाकडाचा ओंडका. आणि तो पोलीस कशाला घुसडलास? हाकल त्याला!"

"पोलीस हाकलू? डोकं ठिकाणावर आहे का तुझं? टपाल वाटायचास तेच बरं होतं!"

"आणि तू तेव्हाही असाच हट्टी होतास, गाढवा!"

शेजाऱ्याने भिंत ठोकेपर्यंत दोघे भांडले. मग नॅटने एकदम हर्बकडे रोखून पाहिलं.

"हर्ब, तू भांडतोयस."

"मग?"

"जे घ्यायचं नसतं त्यावर तू कधी भांडत नाहीस."

हर्बच्या ओठांवर तेच दोन शब्द आले होते. त्याने ते गिळले आणि नुसती मान डोलावली.

नॅटने डोळे पुसले, खाली बसला आणि टाइपरायटरची दोरी सोडू लागला.

"बायकोचं बघतो," तो म्हणाला. "पण पोलीस राहणार."