नकाशाचे तुकडे झाले त्या दुपारी

मी एक जुना नकाशा आहे. भिंतीवर टांगलेला नव्हे, अग्निशमन केंद्राच्या संगणकात राहणारा. मित्रांनो, ती दुपार मी अजून विसरलेलो नाही.

मला घडवायला मोजणीदारांना सहा वर्षे लागली. त्यांनी पायपीट करून गल्ली न् गल्ली, विहीर न् विहीर मोजली आणि सारे एकाच फायलीत भरले. "केवढा मोठा नकाशा!" असे पाहुणे म्हणत आणि मी फुगून जाई. पण मी इतक्या सावकाश उघडे, की नकाशाकक्षातल्या बाई तेवढ्यात चहा पिऊन येत.

एके दिवशी टेकडीवर वणवा पेटला. बाईंचा थोरला भाऊ बंबाचा चालक. वरच्या वस्तीतली चौदा माणसे बंबात बसवून तो निघाला, तोच वारा फिरला आणि परतीचा रस्ता पेटला. त्याचा फोन आला.

"अगं, नकाशा उघडतच नाहीये! पडद्यावर नुसतं चाक फिरतंय. धुरात हातभर अंतरावरचं दिसत नाही."

त्याच्या छोट्याशा फोनमध्ये मी मावत नव्हतो. माझा मोठेपणाच त्याच्या जिवावर उठला होता.

"दादा, थांब. टेकडीपुरता तुकडा कापून पाठवते," बाई म्हणाल्या.

कापून! मी हादरलो. पण बाईंनी टेकडीभोवती चौकोन आखला आणि तो कापून पाठवलासुद्धा. तो लगेच उघडला.

"मिळाला! डावीकडं कच्ची वाट आहे... अगं, पण ही तर मध्येच संपते!"

त्याच्यामागे कोणीतरी खोकत होते, लहान मुले रडत होती. मला ठाऊक होते, वाट संपलेली नव्हती. तिचे पुढचे टोक कापलेल्या चौकोनाबाहेर राहिले होते. पण मला बोलता कुठे येते?

बाईंनी पडद्यावर नजर फिरवली आणि त्या ओरडल्याच, "संपत नाही रे! मीच चुकीच्या जागी कापलं. वाट ओढ्याकडे उतरते. दुसरा तुकडा पाठवलाय, बघ!"

मग संपर्क तुटला. अकरा मिनिटे बाई पुन्हा पुन्हा त्याचा नंबर फिरवत राहिल्या.

"उतरलो गं," शेवटी फोनवर दादाचा आवाज आला. "सगळे आहेत. दोनदा मोजले."

बाई टेबलावर डोके टेकून रडल्या.

पुढे महिनाभर बसून त्यांनी मला नीट विभागले. दाट बाजारपेठेचे लहान चौकोन, मोकळ्या माळाचे मोठे. प्रत्येक चौकोनाच्या कडेला शेजारच्याची थोडी पट्टी जोडली, म्हणजे कोणतीही वाट अर्ध्यात तुटू नये. माझे फार कौतुक झाले. गावातल्या रुग्णवाहिकाही मलाच रस्ता विचारू लागल्या.

मग बाई निवृत्त झाल्या. तेव्हापासून मला कोणी हात लावलेला नाही. गेल्या वर्षी पुरात नदीवरचा पूल वाहून गेला, पण माझ्या चौकोनात तो अजून धडधाकट उभा आहे. परवा एक रुग्णवाहिका माझ्या भरवशावर थेट तिथे गेली. काठापासून चार हातांवर ब्रेक लागला.

मित्रांनो, मला डोळे नाहीत. जे सांगितले जाते, तेच मी खरे मानतो. कुठे पूल पडला, वाट बुजली, तर मोठ्या माणसांना सांगा आणि मला कळवायला लावा. आत्ता या क्षणी कोणीतरी मला रस्ता विचारत आहे, आणि मी त्याला तोच पूल दाखवतो आहे.