रणजितरावांचा रोबो दहाव्याला येतो

नरसिंहपूरच्या घाटावर म्हस्कूआबांचा दहावा होता. पिंडाला कावळा शिवला तरी कुणी उठेना, कारण भाषणं व्हायची होती. आमच्याकडं माणूस गेला की पुढाऱ्यांची सोय होते.

आबांची लेक दिपाली पुढंच बसली होती. आबांनी जन्मभर मेंढरं राखली. त्यांच्याबद्दल कुणीतरी चार शब्द बोलावेत, एवढीच तिची इच्छा. पहिला वक्ता स्वतःच्या तिकिटाबद्दल बोलला. दुसऱ्यानं तर आबांना 'मारुतीआबा' करून टाकलं. मला इतका राग आला, पण बोलणार कोण!

इंदापूरचे पुढारी रणजितराव लग्नांत अडकले होते, म्हणून त्यांनी रोबो पाठवला. बारामतीच्या केयूर इंजिनिअरनं बनवलेला, हुबेहूब माणूस. पांढरा पोशाख, खांद्यावर उपरणं. त्यानं माइक धरला.

"मला म्हस्कूआबांविषयी काहीच माहिती नाही. ते कसे होते?"

रोबोबरोबर आलेला केयूर घाईघाईनं मोबाइल चाचपू लागला.

"बिघडलं वाटतं," कुणीतरी म्हणालं.

"इचारतंय म्हंजी मन आसंल त्याला," माझ्या शेजारी बसलेले दादासोतात्या म्हणाले.

"पुढाऱ्याच्या मशीनला?"

तोवर दिपाली उठली होती. "मेंढरं घिऊन कोकनात चाललो व्हतो. मी ल्हान. घाटात लई थंडी. आबांनी घोंगडं मला दिलं, कोकरू सोताच्या सदऱ्यात घेतलं, आन् रातभर कुडकुडत बसलं."

"मग?" रोबोनं विचारलं.

दिपालीचा चेहरा उजळला. दहा दिवसांत तिला कुणी 'मग?' म्हटलं नव्हतं. ती पुढं बोलणार, तेवढ्यात केयूरनं रोबोच्या पाठीवरचं बटण दाबलं.

"माफ करा, भाषण लोड झालं नव्हतं."

रोबो पुन्हा सुरू झाला आणि त्यानं घसा खाकरला. "म्हस्कूआबांच्या जाण्यानं तालुक्याची कधीही न भरून येणारी हानी झाली आहे. सहकारातला तारा निखळला!" मग उपरण्यानं डोळे टिपले. माणसं गहिवरली.

"आता कसं मानसागत बोलाया लागलं!" तात्या म्हणाले.

भाषण आटोपल्यावर केयूर रोबोला गाडीत चढवू लागला. दिपाली जवळ गेली, रोबोच्या तोंडाकडं बघत राहिली.

"मगाशी माज्याशी बोलत व्हता, त्यो कुटं गेला?"

"कोण?" केयूर म्हणाला.