इटलीला न गेलेले हातमोजे

अंगठ्याजवळची शिवण जरा उसवली होती, एवढंच. त्सुरुयोला ते दहा मिनिटांचं काम. शिरोतोरीच्या या कारखान्यात ती चाळीस वर्षं हातमोजेच शिवत आली होती. पण मालकांचा, कुनिशिगेंचा हुकूम होता, की शिवून झालेले हातमोजे फळीवर ठेवायचे आणि एप्रिलमध्ये परत पाठवायचे.

कारण त्यांवर ‘फियोराल्दी’ असं इटालियन नाव होतं. हातमोजे शिवायचे त्सुरुयोने, नाव लावायचं तोक्योच्या कंपनीने, आणि दुकानातल्या पोरीने गिऱ्हाइकाला वाकून सांगायचं की दुरुस्ती इटलीत होते, तीन महिने लागतील. ते तीन महिने हातमोजे इथेच धूळ खात पडायचे. यांवर पूर्वी कारखान्याचं स्वतःचं नाव असायचं, तेव्हा त्यांना कुत्रंही विचारत नव्हतं.

या खेपेला सोबत उत्तरेकडच्या बर्फाळ आओमोरीच्या नारुमीबाईंची चिठ्ठी होती. नवऱ्याने दिलेली ही शेवटची भेट. अठरा फेब्रुवारीला त्याचं वर्षश्राद्ध, तेव्हा थडग्यापाशी हेच घालून जायचंय, जमलं तर बघावं.

त्सुरुयोच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती तडक मालकांपुढे जाऊन उभी राहिली.

“आठवड्यात परत गेले तर बिंग फुटेल, त्सुरुयोसान,” मालक म्हणाले. “कंपनीने काम काढून घेतलं, तर तुम्ही बारा जणी खाणार काय?”

“म्हणून त्या बाईने बर्फात उघड्या हातांनी उभं राहायचं?”

मालकांचंही खोटं नव्हतं, पण मूग गिळून बसणं त्सुरुयोला जमेना. संध्याकाळी तिने पुडकं स्वतःच पोस्टात टाकलं. आत लिहिलं, की हे हातमोजे इथेच, मीच शिवले होते, दुरुस्तही मीच केलेत. खाली नाव घातलं. आपल्या कामाखाली आपलं नाव तिने जन्मात पहिल्यांदा लिहिलं.

मार्चमध्ये पुडकं परत आलं. नारुमीबाईंचं पत्र फार अदबीचं होतं.

“आपल्या कष्टांबद्दल आभारी आहे. दुकानाकडून काहीतरी चूक झालेली दिसते. नवऱ्याने मला इटलीचे हातमोजे दिले होते. खेड्यातून शिवून आलेले घालणं मला जमलं नाही, श्राद्धाला तशीच गेले. कृपया आता तरी ते इटलीला पाठवावेत. मी थांबेन.”

पत्र वाचून मालकांचा जीव भांड्यात पडला. “वाचलो,” ते म्हणाले. “तिला खरं वाटलेलंच नाही.”

त्सुरुयोला संतापाने ओरडावंसं वाटलं. पण कोणावर? मालकांवर, कंपनीवर, की बर्फात उघड्या हातांनी उभ्या राहिलेल्या त्या बाईवर, हेच तिला ठरवता येईना.