केसरच्या नावापुढचा रकाना

शिरगणतीची माणसं गेरूचा डबा घेऊन रेवदंड्याच्या कोळीवाड्यात शिरली आणि दारादारावर आकडे टाकून गेली, तेव्हापासून मराठी शाळेत पोरांना दुसरा विषयच उरला नव्हता. एकोणीसशे एकतीस साल उजाडून पंधरवडा झाला होता. कुणाच्या दारावर कितवा आकडा, कुणाच्या कोंबड्यांच्या खुराड्यालासुद्धा चुकून आकडा पडला, हीच चर्चा. अर्धा गाव मोजायचं काम सरकारनं गुप्ते मास्तरांकडे दिलं होतं, म्हणून मास्तरही भूगोल बाजूला ठेवून सहावीच्या वर्गाला तो छापील कागद वाचून दाखवत बसले होते. नाव, धर्म, जात, जन्म कुठला, घरची भाषा कोणती, आणि घरच्या भाषेखेरीज रोजच्या वापरातली आणखी भाषा कोणती.

या शेवटच्या रकान्यापाशी मास्तर चष्मा पुसायला थांबले. "हा आपल्या गावात बहुतेक कोराच राहायचा," ते म्हणाले. "माझा सोडून. मला इंग्रजी येतं."

तेवढ्यात राही उठून उभी राहिली. चंदर कोळ्याची ही पोरगी दिवाळीपर्यंत वर्गात आहे की नाही तेही कळायचं नाही. पण मग डेप्युटीसाहेब तपासणीला आले, त्यांनी नकाशावर कुंडलिका नदी दाखवायला सांगितली, आणि सगळा वर्ग मान खाली घालून बसला असताना राहीनं नदी तर दाखवलीच, वर ती समुद्राला कुठे मिळते, भरतीला पाणी कुठवर चढतं आणि कुठल्या खडकावर होडी आपटते तेही सांगून टाकलं. साहेब "शाब्बास" म्हणाले. त्या एका शब्दानं पोरीचं तोंड जे उघडलं ते मिटायचं नाव घेईना.

"माझ्या आयला पाच येतात," राही म्हणाली.

"पाच काय?"

"भाषा."

वर्ग फिस्सकन हसला. शिवदास, गुजराती दुकानदाराचा मुलगा, मागून म्हणाला, "मास्तर, पाच जातीची मासळी म्हणायचंय तिला."

"तुझ्या दुकानात आय मीठ आणायला येते ना," राही त्याच्याकडे वळली, "तेव्हा तुझा बाप तिला मासळीची पाटी घेऊन पायरी चढू देत नाही. रस्त्यावरून बोलावं लागतं. पण ती बोलते ते गुजरातीच, आणि तुझा बाप तिला गुजरातीतच उत्तर देतो. विचार घरी." मग तिनं बोटं मोजायला घेतली. "ही एक. हुरमतबीच्या दारात मुसलमानांची, दोन. आमच्या घरातली तीन. मास्तरांच्या घरी वहिनींशी बोलते ती चार."

"ती मराठीच की," मास्तर म्हणाले. "तुमची आणि आमची मिळून एकच धरायची."

"मग मी आमचं बोलले की तुम्ही 'नीट मराठी बोल' का म्हणता?"

आता वर्ग वेगळ्या कारणासाठी हसला. मास्तरांनाही हसू आलं असावं, कारण त्यांनी कागद तोंडासमोर धरला. "आणि पाचवी?"

"कोर्लईच्या किरिस्तावांची. आयचं माहेर कोर्लईचं."

"हे बघ राही, नियम असा की जे माणूस स्वतः सांगेल तेच लिहायचं. शनिवारी मी तुमच्याकडे येतो. तुझ्या आईनं सांगितलं तर लिहीन. नाही सांगितलं, तर सोमवारी इथे सगळ्यांसमोर उभं राहायचं आणि म्हणायचं, मी बढाई मारली."

"म्हणेन," राही म्हणाली. तिला काय, आपली आई तिला ठाऊक होती.

शनिवारी मास्तर आले तेव्हा केसर अंगणात बोंबील वाळत घालत होती. तिनं हात पदराला पुसले, मास्तरांना घोंगडी अंथरली आणि भराभर उत्तरं दिली. धर्म हिंदू, जात कोळी, जन्म कोर्लईचा, घरची भाषा मराठी.

"आणखी कुठली भाषा येते?"

"न्हाय."

राहीला वाटलं, आईला प्रश्न कळला नाही. "आय, ते दुकानात बोलतेस ती—"

"गप बस गो. मोठी मानसं बोलतात तिथं."

मास्तरांनी राहीकडे पाहिलं, केसरकडे पाहिलं. रकान्यात आडवी रेघ ओढली आणि पुढच्या दाराकडे निघून गेले.

मास्तर वळणाआड जायचा अवकाश, राही आईवर तुटून पडली. मी वर्गात तोंड कसं दाखवू, शिवदास मला वर्षभर मासळीची जात म्हणून चिडवेल, तू खोटं का बोललीस. केसर बोंबील उलटे करत राहिली. सगळं ऐकून झाल्यावर म्हणाली, "कोंडाजी आजा आठवतो तुला?"

कोंडाजी म्हणजे बापाचा चुलता. राही लहान असतानाच गेला.

"त्याला गुजराती यायची. वेरावळच्या गलबतानं चौलच्या एका होडीची जाली फाडली, त्याचा दावा लागला अलिबागला. कुनीतरी सायबाला बोललं, रेवदंड्याच्या कोंडाजीला दोन्ही भाषा येतात. झालं. शिपाई दारात, चल दुभाषी म्हनून. बारा तारखा, बारा वेला अलिबाग चालत. ऐन पापलेटाचे दिवस, नि आमची होडी वालूत पडून. वेरावळवाले सुटले, चौलवाले सुटले, उपाशी मेलो ते आमी." तिनं शेवटचा बोंबील दोरीवर टाकला. "तवापासून आपल्या घरात कुनाला भाषा येत न्हाय. सरकारच्या कागदावर तर न्हायच न्हाय."

"पण आय, हा कागद कोर्टाचा नाही."

"सरकारचा हाय ना? मग सगले कागद एकाच दप्तरात जातात."



रविवारी केसर सुकट घेऊन खाडीपलीकडे कोर्लईला जायची. किरिस्तावांच्या वाड्यांत वांगी-मिरची उत्तम होते, सुकटीच्या बदल्यात टोपली भरून भाजी मिळते, भावाच्या घरीही डोकावता येतं. राही दुसरी टोपली घेऊन बरोबर निघाली, चेहरा मात्र उतरलेला. आणि होडीत चढून बघतात तर समोर गुप्ते मास्तर, कागदांचं बाड छातीशी धरून बसलेले. कोर्लईची मोजणी ज्याच्याकडे होती तो तलाठ्याचा कारकून तापानं पडला होता, म्हणून तिथली एक आळी मास्तरांच्या गळ्यात आली होती.

होडी खाडीच्या मध्यावर आली तेव्हा राहीनं विचारलं, "मास्तर, या कागदावरून कोर्टात बोलावतात का कुणाला?"

"कोर्टात? छे. तसा कायदाच आहे. हा कागद कुठल्याही कोर्टात दाखवता येत नाही. खुद्द मामलेदारानं मागितला तरी नाही."

"साक्षीला नाही?"

"नाही."

"दुभाषी म्हणून?"

"अगं नाही म्हटलं ना. का?"

"काही नाही," राही म्हणाली. केसर पाण्याकडे बघत होती, जणू आयुष्यात पहिल्यांदाच पाणी बघतेय.

आळीतलं शेवटचं घर झाबेल रोशाचं. मास्तर तिथे पोचले तेव्हा सुकट घेऊन केसर आणि राहीही त्याच दाराशी आल्या. पार वाकलेली म्हातारी. नातू मुंबईला, सून वाडीत पाणी लावायला गेलेली, घरात ही एकटी. मराठी तिला येई ती वांगी-मिरचीपुरती. मास्तरांनी धर्म विचारला, तर तिनं गळ्यातला क्रूस दाखवला, ते जमलं. वय विचारलं तर तिनं पाच मिरच्या आणून दिल्या. मास्तर आवाज चढवत गेले. ऐकू येत नसल्यासारखं मोठ्यानं, मग तुटक तुटक, मग बोटांनी. म्हातारी घाबरून दारामागे सरकली.

केसरनं डोक्यावरची टोपली खाली ठेवली. "थांबा मास्तर, तिला वरडू नका," म्हणाली, आणि झाबेलशी बोलायला लागली.

राहीनं ती भाषा तुकड्या-तुकड्यांनी ऐकली होती, भाजी घेताना चार शब्द, होडीत कुणाला हाक. पण अशी सलग कधी नाही. बाजारात पोलीस जमादाराशी भांडणारी आपली आई, जिचा आवाज भरतीच्या गाजेवरूनही ऐकू यायचा, ती एकाएकी हळू, लाडात, लहान पोरीसारखी बोलत होती. म्हातारी दारामागून बाहेर आली, तिनं केसरच्या गालावरून हात फिरवला आणि ओट्यावर बसली. मास्तरांची लेखणी हवेतच राहिली.

"तुला हे कसं येतं?" ते म्हणाले.

"आमची आय मासली घेऊन चौलला जायची, तवा मला हिच्या अंगनात ठेवायची. विचारा काय ते."

मग सगळं सरळ झालं. वय? मोठा पाऊस पडून चर्चची भिंत गेली त्या साली लग्न झालं, त्यावरून धरा. जात, वंश? झाबेल बराच वेळ बोलली आणि केसरनं एकेक वाक्य उचलून मराठीत ठेवलं, ताज्या मासळीसारखं, कुठे न दुमडता.

"म्हनते, आमचे मूलपुरुष ह्या डोंगरावरच्या किल्ल्याचे शिपाई. पोर्तुगालवरून गलबतांनी आले. बायका केल्या त्या इथल्याच."

"म्हणजे पोर्तुगीज लिहू?"

केसरनं विचारलं. म्हातारी तोंडाचं बोळकं उघडून हसली.

"न्हाय म्हनते. किल्ला सोडायची येल आली, तवा ज्यांना गलबत मिलालं ते गेले, ज्यांची वाडी होती ते राहिले. आमी वाडीवाले. पोर्तुगाल काय मी बघितला न्हाय, तिथलं कोन मला वलखत न्हाय. इथली हाय, इथली लिवा."

मास्तरांनी लिहिलं, हिंदी ख्रिस्ती, म्हणजे हिंदुस्थानातलेच. "बरं, घरची भाषा?"

"नो लिंग," झाबेल स्वतःच म्हणाली.

"म्हणजे?"

"आमची भाषा," केसर म्हणाली.

"हो, पण तिचं नाव?"

"हेच नाव. घरातल्या मानसाला कोन नाव घेऊन हाक मारतो, मास्तर? तुमी तरी वहिनींना नावानं हाक मारता?"

मास्तर लालबुंद झाले आणि त्यांनी रकान्यात लिहिलं, पोर्तुगीज, कोर्लईची. लिहिलेलं त्यांनी वाचून दाखवलं, केसरनं सांगितलं, झाबेलनं मान हलवली. मग तिनं केसरला काहीतरी विचारलं. केसर टोपली आवरायला लागली. म्हातारीनं पुन्हा विचारलं, यावेळी जरा करड्या आवाजात. केसरनं नजर खाली घातली.

"काय म्हणते?" राहीनं विचारलं.

"म्हनते, केसर, तुझ्या कागदात मी हाय का? माझी भाषा?"

मग केसर मास्तरांकडे वळली. "तो कोर्टाचा नियम छापलेला हाय?"

"छापलेला आहे."

"माझा कागद हाय इथं?"

मास्तरांनी बाड सोडलं. कागद सापडला.

"त्या रेघेवर जागा किती?"

"एका भाषेची," मास्तर म्हणाले. "रोजच्या वापरातली एकच लिहायची, असं आहे केसरबाई."

केसरबाई. गावात त्यांनी तिला कधी 'बाई' म्हटलं नव्हतं. राहीला इतका आनंद झाला की ती मध्येच म्हणाली, "गुजराती लिहा मास्तर, म्हणजे शिवदासला—"

"तू गप गो," केसर म्हणाली. "गुजराती लिवायला गुजराती मानसं लय हायत. मुसलमानांची लिवायला मुसलमान हायत. हिची बोलनारी ह्या डोंगराखाली हायत तेवढीच. हिची लिवा. एक मानूस वाढू दे."

"रोज बोलता का पण? नियम तसा आहे."

"बोलायला रोज कोन भेटतंय. पन मासली मोजते ती रोज तिच्यातच. मोजायला हिनंच शिकवलं ना, ह्याच अंगनात."

राही बघतच राहिली. टोपलीत बांगडे टाकताना आई जे पुटपुटते ते कोळ्यांचं मोजणं असेल, असंच तिला जन्मापासून वाटत आलं होतं. ती स्वतः जाळ्याच्या गाठी तशाच मोजायची. शाळेत मास्तरांचे एक-दोन-तीन, घरी आईचे. "आय, म्हणजे मला पण येते," ती म्हणाली, आणि तिथल्या तिथे तिनं दहापर्यंत म्हणून दाखवलं. सातावर झाबेलनं तिला थांबवून उच्चार नीट करून घेतला.

मास्तरांनी केसरच्या नावापुढच्या रेघेच्या डोक्यावर बारीक अक्षरात लिहिलं आणि शाई वाळायला फुंकर घातली. "राही, दहा आकडे म्हणजे काही भाषा नव्हे," ते म्हणाले. "तुझ्या कागदावर मला लिहिता यायचं नाही. आणि उद्याचं काय? तू पाच म्हणाली होतीस. इथे एकच आहे."

"मी उभी राहीन की," राही म्हणाली. "सांगेन, आयला पाच येतात आणि सरकारच्या रेघेवर एकच मावते. कोणती लिहिली आणि का, तेही सांगेन. तास पुरला नाही तर मधल्या सुट्टीत सांगेन. शेवटची मोजणी कधी आहे मास्तर?"

"फेब्रुवारीच्या अखेरीला. तोवर दुरुस्ती चालते."

"मग माझा रकाना तोवर कोरा ठेवा," राही म्हणाली, आणि वांगी निवडायला उठलेल्या झाबेल म्हातारीच्या मागोमाग वाडीत शिरली, एकेका गोष्टीवर बोट ठेवून तिचं नाव विचारत.