दोराची घडी

आईच्या पाठीवरची सॅक सारखी करता करता लेकीने आतली पाण्याची बाटली हळूच काढली आणि स्वतःच्या सॅकमध्ये सरकवली. माणसांना डोंगरावर नेणं हे तिचं कामच होतं. नवख्याचं ओझं त्याच्या नकळत हलकं करायचं, ही त्या कामातली जुनी रीत.

साठी उलटलेली आई पहिल्यांदाच डोंगर चढत होती, तेही लेकीच्या हट्टापायी. तिची हयात इस्पितळाच्या धुलाईखान्यात चादरींच्या घड्या घालण्यात गेली होती. लेकीच्या खांद्यांवर पट्ट्यांचे वळ दिसले की ती म्हणे, "सोड गं ही हमाली." आज एकदा शिखरावर नेऊन आणलं की हे बोलणं कायमचं थांबेल, असा लेकीचा अंदाज होता.

"अजून किती?"

"हे काय, आलंच."

"तुझे बाबा पण फोनवर असंच सांगतात. निघालोच म्हणतात आणि तासाने उगवतात."

विसाव्याला लेक पुढची वाट बघून आली, तेव्हा आई दोन्ही सॅकजवळ शहाण्या मुलीसारखी बसून होती. पुढच्या चढणीवर लेकीला खांदे हलके वाटले. आज अंगात जोर आहे, असं तिला वाटलं. आई मात्र धापा टाकत होती.

"पाय उचल ना, आई. अशाने शिखर राहील."

"उचलतेय बाई. माझेच आहेत, भाड्याचे नाहीत."

शिखराखाली उभा कातळ होता. तिथे नवख्यांच्या कमरेला दोर बांधावा लागे. तिने सॅक उघडली. दोर नव्हता. तिचा हात आत तसाच राहिला.

"हा शोधतेस का?" आईने आपली सॅक पुढे केली. बाटली तिथे परत आली होती. तिच्याखाली दोर होता, चौकोनी घडी घातलेला, कडा दाबून बसवलेल्या.

"आई! दोराची घडी घालतं का कुणी?"

"मग काय बोळा कोंबू? चादरीसारखी घातलीय चांगली."

"पण तू घेतलासच कशाला?"

"तू माझी बाटली ढापलीस, ते चालतं होय?"

घडी उलगडताना दोराचा असा गुंता झाला, की तो सुटेपर्यंत कातळ ढगात गेला होता. ढगात नवख्याला वर न्यायचं नाही, हा तिचा नियम. तिने दोर गुंडाळायला घेतला.

"माझ्यामुळे राहिलं ना?"

"पुढच्या वेळी जाऊ."

"पण ओझं फार आहे गं तुझं. आज पाठीवर घेऊन बघितलं मी."

"मला काही होत नाही, आई. सवय आहे."

उतरताना बाटली आणि दोर, दोन्ही लेकीच्या पाठीवर होते.

संध्याकाळी आईने गरम पाण्यात पाय सोडून बाबांना सगळा डोंगर सांगितला. न पाहिलेलं शिखरही रंगवून सांगितलं. लेकीने तिला टोकलं नाही.

सकाळी आई उठली नाही. झोपेतच हृदय थांबलं, डॉक्टर म्हणाले. डोंगरावर गेली नसती तरी हे झालंच असतं, असंही म्हणाले.

भेटायला आलेल्यांना पाणी देणं, आईचे कपडे आवरणं, बाबांना दोन घास खायला लावणं, सगळं लेकीने केलं. धीराची पोर आहे, असं जो तो बाबांना सांगून गेला.

पुढच्या महिन्यात कामाचं बोलावणं आलं. तिने सॅक भरली, पट्टे ओढून घेतले आणि मग सॅककडे बघत जमिनीवरच बसून राहिली. बाबा दारात येऊन थांबले. तिच्या कामात ते कधी पडत नसत.

"गाडीपर्यंत मी आणू का?" त्यांनी विचारलं.

नको, असं म्हणायला तिने तोंड उघडलं. मग सॅकवरचा हात काढून घेतला.

"आणा, बाबा," ती म्हणाली. "मला एकटीला जड जातंय."