खुंटावरची टाच

जखम आडवी होती. चालून चालून होणारी जखम गोल असते, भार जिथे जास्त पडतो तिथे होते. ही मात्र टाचेच्या तळव्यावर बोटभर रुंदीची, दोन्ही कडा पट्टीने आखल्यासारख्या सरळ.

थियारीने मलमपट्टी परत उचलून पाहिली. बात्तंबांग शहरातल्या केंद्रात कृत्रिम पाय बनवताना तिने शेकडो जखमा पाहिल्या होत्या, पण अशी नाही. खाटेवरच्या सारेतांना ती, सख्ख्या काकाला म्हणावं तसं, ‘पू’ म्हणे. पू सारेतांच्या उजव्या पायाला टाचेच्या पुढे काहीच नव्हतं. पुढचं पाऊल लढाईच्या शेवटी शेवटी सुरुंगाने नेलं होतं. तेव्हाच्या सर्जनने मांडीची कातडी लावून टाच वाचवली, आणि तेव्हापासून ती चिघळतच राहिली होती. आता एक्स-रेत तिचं हाड पोखरलेलं दिसत होतं.

सर्जनचं म्हणणं सरळ होतं. गुडघ्याखाली कापायचं आणि नीट बसणारा पाय लावायचा. उशीर केला तर कूज नडगीतून वर चढेल आणि गुडघाही जाईल. पू सारेतांचं उत्तर ठरलेलं असे, "ताडाच्या रसाचा हंगाम संपू दे." हंगाम दरवर्षी संपायचा. मग भातलावणी यायची.

"पू, ही चालून झालेली जखम नाही," थियारी म्हणाली.

"मग काय झोपून झाली?"

"तुम्ही ताडावर चढता."

ते छताकडे बघू लागले. शेजारी बसलेली त्यांची बायको, मिंग म्हणजे काकू, छाव्वी, खुदकन हसली. "मला गप्प बसायला सांगितलं होतं. मी गप्पच आहे, हं. जखमच बोलली."

"बोलू दे," पू सारेत म्हणाले. "पण टाच काढल्यावर बांबूच्या खुंटावर काय ठेवू? तुझ्या रबराच्या पायाला बांबू कळतो का, पोरी?"

हा प्रश्न थियारीला सोडेना. मांडीवरून आणलेल्या कातडीला तरी बांबू कसा कळत होता?

रविवारी ती त्यांच्या गावी गेली. ताडाच्या खोडाला उभा बांबू बांधलेला होता. बांबूच्या फांद्या छाटताना प्रत्येक गाठीपाशी एकेक आखूड खुंट राखलेला. चढणारे त्यावर पाऊल टेकतात आणि बोटांनी पकड घेतात. जखम त्या खुंटाच्याच रुंदीची होती.

तिने पू सारेतांच्या डोळ्यांवर त्यांचाच चौकड्याचा पंचा बांधला. अंगणातून कोंबडीचं पीस उचललं आणि त्याचं टोक टाचेला लावलं.

"कुठे लागतंय?"

"आधी लाव तर खरं."

"लावलंय, पू. केव्हाचं."

मिंग छाव्वीचं हसू मावळलं.

"मग मी चढतो कसा?" पू सारेतांनी विचारलं. त्यांच्या आवाजात रागापेक्षा नवल जास्त होतं.

"तेच बघायचंय. असेच चढा. दोनच खुंट."

"डोळे बांधून? मिंगला विधवा करायची घाई झालीय का तुला?"

"तुमची वाट बघून मीच म्हातारी झाले, चढा आता," मिंग छाव्वी म्हणाली आणि दोन्ही हातांनी त्यांची कंबर धरून उभी राहिली.

ते चढले. टाच पहिल्या खुंटाजवळून चुकून पुढे गेली, अधांतरी राहिली. मग गुडघ्याखालची नडगीची आतली बाजू बांबूवरून घसरत वर आली, खुंटाला लागली, किंचित थांबली. त्यानंतर टाच नेमकी खुंटावर उतरली. दुसऱ्या खुंटालाही तेच.

थियारीने त्यांना खाली घेतलं आणि नडगीची ती जागा दाबून पाहिली. तिथे घट्टा पडला होता. दवाखान्यात सगळ्यांचे डोळे टाचेवर खिळलेले, हा कुणी पाहिलाच नव्हता.

"इथे काय लागतंय?" पीस तिथे टेकवून तिने विचारलं.

"टोक."

"आता?"

"पिसाची कड. अगं, हे मलाच माहीत नव्हतं!"

"टाच नुसती टेकायला आहे. बांबू ओळखते ती ही जागा."

पू सारेत बराच वेळ घट्ट्यावर अंगठा फिरवत बसले. "नव्या पायाने चढता येईल?"

"माहीत नाही. कुणाला चढताना मी पाहिलेलं नाही. उरलेला पाय ज्यात बसतो ती नव्या पायाची वाटी नेमकी इथूनच जाते, तिला इथे उघडी खिडकी ठेवता येते का ते करून बघावं लागेल. पण आता कापलं तर ही जागा राहते. कूज वर आली तर गुडघ्याबरोबर हीसुद्धा जाईल."

मिंग छाव्वी रसाची नळकांडी उगाच इकडची तिकडे करत होती.

पू सारेतांनी डोळ्यांवरचा पंचा सोडला. घट्ट्याखाली चार बोटं मोजली आणि तिथे तळहात आडवा धरला.

"छाव्वी," ते म्हणाले, "उद्या दवाखान्यात जायचं. पाय कापून घेतो. इथून."