मागचं डावं दार

किल्ली फिरवली तर नुसतं टक् झालं. रमजानचाचांनी पुन्हा फिरवली. आता तेवढंही नाही. ते चिडले नाहीत की पुटपुटले नाहीत. किल्ली सदऱ्याच्या खिशात टाकली, खाली उतरले, पुढचं दार नेहमीसारखं धाडकन लावलं आणि ओट्यावर जाऊन बसले.

दुसरा कुणी असता तर एव्हाना गाडीच्या सात पिढ्यांचा उद्धार झाला असता. ती पांढरी गाडी मुलगा शहनवाज शाळेत होता तेव्हापासून दारात होती. आता तो जांबेला भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहून हिंजवडीत नोकरी करत होता, आणि गाडीने हा नवाच नखरा सुरू केला होता. रात्रीतून बॅटरी उतरायची. पिरंगुटच्या भैरूने बॅटरी बदलली, डायनामो तपासला, वायरी हुंगून पाहिल्या म्हणा ना! त्याच्या गॅरेजमध्ये गाडी चांगली चार दिवस उभी होती, टिचकीसरशी सुरू व्हायची. पौडला घरी आणली की मान टाकायची.

"दिष्ट लागलीया तिला," शेजारच्या धोंडाबाईंनी निदान केलं होतं. "मिरच्या ववाळून टाका."

काल शहनवाजचा फोन आला होता.

"अब्बा, रविवारी भंगारवाल्याला पाठवतोय. या वयात गाडीला धक्का मारायला माणसं गोळा करत फिरता. आणि आता गाडी लागते तरी कशाला?"

"बरं," चाचा म्हणाले होते.

हल्ली ते सगळ्यालाच बरं म्हणत. फहमिदाचाची गेल्या, चाळिसावाही होऊन गेला, पण चाचांच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. कबरीवर माती लोटताना लोक त्यांच्याकडे चोरून बघत होते, हेही त्यांना दिसलं होतं. रमजान दगड हाय, असं बाजारात कुणीतरी म्हणालं. चाचांना राग आला नाही. बसून बसून पाय बधिर व्हावा आणि चिमटा काढला तरी कळू नये, तसं त्यांचं आतून झालं होतं. फक्त गाडी जाणार म्हटल्यावर एक गोष्ट लख्ख कळली होती. गाडी गेली तर संध्याकाळी करायचं काय?

कारण दिवस कसाही ढकलता यायचा, पण मगरिबच्या नमाजानंतर त्यांना एक काम असे. गाडीवरचं कव्हर उचलायचं, मागचं डावं दार उघडायचं, सीटवरची वाकळ काढून झटकायची आणि परत अंथरायची. उशी सारखी करायची. मग दार लावून कव्हर पुन्हा ओढायचं. सबंध वर्ष चाची त्या सीटवर आडव्या पडून पुण्याच्या दवाखान्यात गेल्या होत्या. आता वाकळ कुणासाठी झटकता, असं विचारायला घरात कुणी नव्हतं.

दुपारी भैरू आला. येताना आणलेली चार्ज केलेली बॅटरी त्याने बसवली, एक वायर सोडवून मध्ये मीटर लावला आणि बॉनेटखाली डोकं घातलं.

"बगा चाचा, गाडी बंद हाय, तरी करंट पितीया. आता कोन पितंय त्येच बगायचं."

तो एकेक फ्यूज उपटत गेला. हॉर्नचा, टेपचा, वायपरचा. मीटरवरचा आकडा ढिम्म हलला नाही. चाचा ओट्यावरून बघत होते. रविवार परवावर आला होता, आणि छातीत काहीतरी हलायला हवं होतं, पण हलत नव्हतं.

"आयला!" भैरू एकदम ओरडला. "आतला दिवा!"

तो फ्यूज काढल्याबरोबर आकडा शून्यावर आला होता. त्याने फ्यूज परत बसवला आणि काचेला नाक लावून आत पाहिलं. पिवळ्या पडलेल्या झाकणामागे बारीकसा दिवा जळत होता. दिवसा उजेडात कळतही नव्हता, आणि रात्री वरून कव्हर.

"कुटलं तरी दार लागलेलं न्हाई." भैरू एकेक दार दाबत फिरला. मागच्या डाव्या दाराशी थांबला. हाताखाली ते किंचित आत गेलं. "हे बगा. एकाच खटक्यावर हाय. दिसतंय लागलेलं, पन न्हाई. कसं लावता तुमी हे?"

चाचा उठून आले. त्यांनी दार उघडलं आणि लावून दाखवलं. दोन्ही तळवे टेकवून, विरजणाच्या भांड्यावर झाकण ठेवावं तसं.

"आसं कुटं लागतं व्हय! पुडचं तर आपटता की. जोरात लावायचं, ग्यारेजात मी लावतो आसं."

भैरूने दार उघडलं आणि दणकन आपटलं.

"अरे हळू!" चाचा किंचाळले. "हळू, तिला लागतंय!"

धोंडाबाई कुंपणाशी येऊन उभ्या राहिल्या. भैरूचा हात दारावरच राहिला. त्याने नकळत आत पाहिलं. वाकळ होती, उशी होती.

चाचांना आपलाच आवाज ऐकू आला होता. ते गाडीला धरून उभे राहिले.

"मणक्यात गाठ व्हती तिच्या," ते म्हणाले. "पिरंगुटचा घाट सोसायची, भूगावचे स्पीडब्रेकर सोसायची. दाराचा दणका तेवढा सोसायचा न्हाई. डोळ्यांतनं पाणी यायचं. हळू लावा हो, म्हणायची. मग मी..."



भैरूने मीटरकडे पाहिलं. मग हळूच म्हणाला, "चाचा, दिव्याचा बल्बच काढून टाकतो. मंग कसं बी लावा. बॅटरी न्हाई उतरायची."

चाचांनी मान हलवली. नको.

त्यांनी दार पुन्हा उघडलं. वाकळ एकदा सारखी केली. मग दार मिटत आणलं, दोन्ही तळवे टेकवले, खांदा लावला आणि सगळा भार हळूहळू त्यावर टाकत गेले. पहिला खटका वाजला. ते तसेच रेटत राहिले. मग दुसरा वाजला, अगदी बारीक.

"शून्य," भैरू म्हणाला. "लागलं, चाचा."

"शहनवाजला फोन लाव. म्हणावं, रविवारी कुणाला पाठवू नकोस."

"तुमीच बोला की."

"तू बोल," चाचा म्हणाले. त्यांचा चेहरा काचेला टेकला होता आणि काच ओली झाली होती. दार कधीच लागलं होतं, तरी ते खांदा काढेनात.